आमची वाटचाल : वाकलेल्या मेणबत्त्यांपासून इथपर्यंत

दिवाळीच्या तोंडावर सुरू केलं तेव्हा सगळं एकदम सोपं वाटलं होतं. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, मेण वितळवायचं, साच्यात ओतायचं, झालं. मी आणि सासूबाई, दोघीच. लोकांना नॅचरल हवं असतं म्हणून पॅराफिनमध्ये (नेहमीचं पेट्रोलियमचं मेण) जवळजवळ अर्धं सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीन तेलाचं मेण, घालायचो, थंडीत कसलीच तक्रार नाही आली.

मग एप्रिल आला. आता सोलापूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको, बाहेरच ४२-४३ म्हणजे आमच्या पत्र्याच्या खोलीत काय असेल बघा. लग्नाची ऑर्डर होती, ६० पिलर, म्हणजे आधाराशिवाय उभ्या राहणाऱ्या जाड मेणबत्त्या, सहा इंच उंचीच्या. सकाळी पॅक करायला गेले तर निम्म्या मेणबत्त्या मान टाकून उभ्या! वितळल्या नव्हत्या हं, पॅराफिन वितळायलाच ५८-६० डिग्री लागतात, पण सोया त्याच्या आधीच मऊ पडतं, त्यामुळे आपल्याच वजनानं वाकल्या. ॲडव्हान्स परत केला, दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिथून प्रत्येक प्रयोग लिहून ठेवायची वही सुरू झाली. पिलरमधून सोया बंद, ते आता फक्त ग्लासमधल्या मेणबत्त्यांना. पॅराफिन ६२-६४ डिग्रीला वितळणारं घेतलं आणि मेण कडक करायला स्टिअरिक ॲसिड घालायला लागलो, पहिल्यांदा जोशात किलोला २०० ग्रॅम घातलं तर मेणबत्ती झाली खडूसारखी, साच्यातून काढताना काठच तुटला. कमी करत करत १०० ग्रॅमवर आलो. मेण कडक, पांढरंशुभ्र, साच्यातून पण पटकन सुटतं. एक कळलं की स्टिअरिकनं रबरी साचे खराब होतात, आमचे दोन गेले, आता ॲल्युमिनियमचेच वापरतो.

पण मेण कडक केलं की वात बदलावी लागते हे कुणीच सांगितलं नव्हतं. जुन्या बारीक वातीनं मध्येच खड्डा पडायचा, कडेचं मेण तसंच उभं आणि ज्योत त्यात बुडून विझायची. आधीपेक्षा एक नंबर जास्त जाड वात घेतली तेव्हा जमलं. आणि थंड होताना वातीजवळ मेण खाली बसतं, तिथं विणायची सुई टोचून थोड्या वेळानं दुसऱ्यांदा ओतायचं. सासूबाईंचा हात यात माझ्यापेक्षा चांगला आहे.

टेस्ट आमची साधीच. नवीन मिश्रणाची एक मेणबत्ती पत्र्याच्या खोलीत दुपारी बारा ते पाच उभी ठेवायची, संध्याकाळी नख लावून बघायचं, नख रुतलं तर परत पातेल्यात. सेंट पण जपूनच, किलोला ३०-४० ग्रॅम, जास्त झालं की मेण घाम गाळतं.

आता लग्नाच्या ऑर्डरी घेतो, एप्रिल-मेमध्ये पण. फक्त चार इंच जाडीच्या मेणबत्तीची वात अजून जमलेली नाही, ती विचारली की सरळ नाही म्हणते.