खोटं बोलले, तेही सुताराशी

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

आज सुताराशी खोटं बोलले आणि दुपारपासून ते डोक्यातून जातच नाहीये. काही गरज नव्हती, त्याला काय फरक पडणार होता.

झालं असं की पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीला ओल आलीये (वरच्यांचं बाथरूम, तो विषय आज नको) आणि खालच्या कप्प्यात वाळवी. मधल्या फळ्यांना तर केव्हाचा बाक आलाय, साडेतीन फूट फळी, मधे आधार नाही आणि त्यावर दोन-दोन रांगा पुस्तकं. त्याने टेप लावली, प्लाय बोटाने दाबून बघितला तर बोट आत गेलं. म्हणाला रिकामं करून ठेवा, उद्या माल आणतो. आणि दारात चप्पल घालता घालता वळून विचारलं, "मॅडम, ये सब आपने पढा है?"

मी म्हटलं, "हां, सब."

जरासुद्धा अडखळले नाही. त्यावर तो, टोमणा वगैरे अजिबात नाही हं, खरंच कळत नाहीये अशा चेहऱ्याने, "सब पढ लिया, तो फिर रखा क्यों है?"

मला काही सुचेना. हसले आणि दार लावलं.

मग कपाट रिकामं करायला घेतलं आणि स्वतःची परीक्षा घ्यायची खुमखुमी आली. वाचलेली डायनिंग टेबलवर, न वाचलेली बेडवर. अर्ध्या तासात बेडची माझी बाजू भरली. 2010च्या डिसेंबरात ठाण्यात 84वं साहित्य संमेलन झालं तेव्हा दोन पिशव्या भरून आणलेली, त्यातली निम्मी बेडवर. कुठल्या कुठल्या प्रदर्शनातली, सवलतीत म्हणून उचललेली, एकाचं तर प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. एकेकाळी ऑफिसात कुणाला पुस्तक हवं असलं की "हिला विचारा, ही वाचते" म्हणायचे आणि मी आपली फुशारायचे. वाचणारी बाई होते मी. आता घरात पुस्तकं असलेली बाई आहे, ज्यांच्याकडे काचेची भांडी असतात ना शोकेसमध्ये, तसं.

थोडी रडले पण. एकटीच होते, बरं झालं.

वाचन कधी सुटलं ते मात्र मला नीट माहितीये. फोर्टला नोकरी होती तोवर ठाणे ते सीएसएमटी 34 किलोमीटर, जाऊन येऊन रोजचे दोन तास हक्काचे. बसायला मिळालं नाही तरी दाराजवळच्या पार्टिशनला टेकून वाचायचे, पान उलटायला शेजारणीचा खांदा सरकायची वाट बघायची. मग ऑफिस ऐरोलीला गेलं आणि सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं. ट्रान्सहार्बरला ठाण्याहून बसलं की आता दिघा गाव आणि लगेच ऐरोली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत उतरायची वेळ. वाचलेला वेळ कुठे गेला विचारू नका.

पण हे कारण खोटं बोलायला पुरत नाही. न वाचलेलं असणं हा काही गुन्हा नाही, मग "हां, सब" का?

संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं की हे उत्तर मी दहा वर्षांची असल्यापासून देतेय. आई शनिवारी मराठी ग्रंथ संग्रहालयात न्यायची, स्टेशनजवळच्या. (1893ची संस्था, आई ते वर्ष अशा थाटात सांगायची जणू हिच्याच आजोबांनी काढली.) नवीन पुस्तकाला हात लावला की पहिला प्रश्न, "आधीचं झालं का सगळं?" आणि मी, "हो, सगळं." मग ती काउंटरपाशी उभी राहून शेवट काय झाला विचारायची, त्यामुळे तेव्हा खोटं फार टिकायचं नाही. पण तेव्हा वाचून व्हायचंच, कारण परत करायची तारीख मागच्या कागदावर शिक्का मारून दिलेली असायची. स्वतःच्या पुस्तकाला कोण शिक्का मारणार. आता तर आईही विचारत नाही. असो.

खरी पंचाईत तिसऱ्या ढिगाने केली. तो मी ठरवला नव्हता, आपोआप जमिनीवर साठत गेला. वाचलंय की नाही तेच आठवत नाही असा. त्यातल्या एका जाड कादंबरीत पान 63ला लोकलचं कूपन निघालं, ती मशीनमध्ये घालून पंच करायची कूपनं, आता बंद झालेली. त्या दिवशी पास संपलेला असणार. शाई पुसट झालीये पण 2011 लागतंय. तोवर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, माझ्याच, एके ठिकाणी समासात "हो ना!!" असंही लिहिलंय. कशाला "हो ना" ते तीनदा वाचून कळलं नाही. चौसष्टपासून पुढे पानं कोरी. त्या वर्षी मार्चनंतर मी काहीच वाचलं नव्हतं. ते आत्ता लिहीत बसत नाही.

रात्री टेबल भरलेलं म्हणून जमिनीवर बसून जेवलो. हा म्हणाला, बरोबर आहे की त्याचं, वाचलेली देऊन टाक, जागा होईल. ह्याच्या ड्रॉवरमध्ये जाड पिनचे तीन जुने चार्जर आहेत, त्यांचा एकही फोन आता घरात नाही, त्यावर कधी कुणी प्रश्न विचारला नाही. मी तेच म्हटलं तर म्हणे लागतात कधीतरी.

तेवढ्यात मला हसूच फुटलं. म्हणजे खरं सांगितलं असतं की भैया, निम्मी वाचायची राहिलीत, तर त्याने पुढचा प्रश्न विचारलाच नसता. न वाचलेली ठेवायला धडधडीत कारण आहे. अडचण वाचलेल्यांची आहे, आणि मी नेमका त्यांचाच आकडा फुगवून ठेवला. लागतात कधीतरी, एवढंच सांगता येईल फार तर.

आत्ता सोफ्यावर आहे, बेडवर जागा नाही. 64पासून वाचून बघितलं पण त्यातली माणसं कोण कुणाची कळेना, म्हणून पहिल्या पानावर आले. कूपन तिथेच 63ला राहू दिलंय. नऊ पानं झाली, बरी आहे.

उद्या त्याला मधे दोन आधार घालायला सांगायचेत, आणि वरचा कप्पा जरा उंच. परत विचारलं तर खरं सांगणार आहे असं आत्ता तरी वाटतंय. पण तो सकाळी नऊला येणार म्हणालाय, आला की त्याला तिन्ही ढीग समोरच दिसणार, त्याआधी बेडवरची निदान पंधरा-वीस टेबलवर हलवून ठेवू का?