हॉट टब येण्याआधी: नळ तपासा, मग पावडरी आणा

हॉट टब विकत घेतला की सोबत एक खोकं येतं. त्यात चार-पाच बाटल्या, पट्ट्यांची डबी आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं वेळापत्रक असतं. हे खोकं बहुतेक वेळा जड पाण्याच्या गावासाठी भरलेलं असतं. त्यात पाण्यातला चुना आवरायची बाटली हमखास असते आणि चुना वाढवायची नसते. मुंबईत नेमकी उलटी गरज पडते.

विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा आणि दोन्ही वैतरणा हे सगळं खडकावर साठलेलं पावसाचं पाणी. त्यात चुना फारच कमी, म्हणून पालिकेच्या पाण्यात साबणाला फेस चटकन येतो. आंघोळीला ही चैन आहे, टबात तीच डोकेदुखी. जेट सुरू केले की पाण्यावर फेसाची साय धरते. शिवाय असं भुकेलं पाणी हीटरच्या धातूतून आपली भूक भागवायला बघतं. तुमच्या सोसायटीत टँकर येत असेल किंवा बोअरिंगचं पाणी टाकीत मिसळत असेल, तर मात्र सगळं गणित फिरतं. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींची खरेदीची यादी वेगळी असू शकते, त्यामुळे पहिली खरेदी तपासणीच्या किटची.

किट थेंबांचं घ्या. पट्ट्या रोजच्या झटपट नजरेला ठीक आहेत, पण पावसाळ्यात ओल्या बोटांनी डबी दोनदा उघडली की त्यांचे रंग भरवशाचे राहत नाहीत. किटमध्ये क्लोरीन कशाने मोजतात तेही बघा. पिवळा रंग देणारं स्वस्त ओटीओ किट फक्त एकूण क्लोरीन दाखवतं, म्हणजे कामाचा आणि घामाशी जोडला जाऊन निकामी झालेला असा दोन्ही मिळून. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मोकळा क्लोरीन वेगळा दाखवतं, आणि आपल्याला तोच आकडा हवा असतो. डीपीडीची एक खोड आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटताक्षणी उडून जातो आणि नमुना पांढराफटक दिसतो. ‘क्लोरीन शून्य आहे’ असं समजून आणखी ओतणारे इथेच फसतात. शंका आली तर नमुन्यात निम्मं साधं पाणी घालून पुन्हा मोजा. पीएच, अल्कलिनिटी (पीएच सहज हलू न देण्याची पाण्याची ताकद), हार्डनेस (म्हणजेच चुना) आणि सायन्युरिक आम्ल या चारही चाचण्या किटमध्ये हव्यात. आरओवाल्याकडचा टीडीएस पेन इथे उपयोगाचा नाही. पाण्यात एकूण किती क्षार आहेत ते तो सांगतो, चुना किती ते सांगत नाही.

जुन्या इमारतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप असतील तर आणखी एक घरगुती चाचणी करा. पांढऱ्या बादलीत पाणी घ्या, चिमूटभर क्लोरीन पावडर टाका आणि तासाभराने बघा. पाणी चहासारखं दिसू लागलं तर लोह आहे. मग धातू बांधून ठेवणारं द्रावण यादीत घ्या आणि ते क्लोरीनच्या आधी टाका. असंही टब भरताना नळाला ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर लावायला हवाच, जून-जुलैत तर नक्की. आरओच्या बारीक नळीचं हाउसिंग लावलंत तर टब भरायला दिवस उजाडेल. १० इंची, पण अर्धा किंवा पाऊण इंची तोंडाचं हाउसिंग मागा. नागदेवी स्ट्रीटला ते आणि होज पाइप एकाच फेरीत मिळून जातात.

आता रसायनं. खालचे सगळे आकडे १२०० लिटरच्या, चारजणांच्या टबासाठी आहेत. तुमचा टब वेगळा असेल तर त्या प्रमाणात कमीजास्त करा.

सगळ्यात मोठी चूक क्लोरीन मागताना होते. दुकानात ‘स्विमिंग पूलचा क्लोरीन’ म्हटलं की समोर टीसीसीए ९० येतं, गोळ्या किंवा दाणेदार. ते टबासाठी नाही. ते फार आम्लधर्मी असतं आणि हळू विरघळतं. गोळी बैठकीवर पडून राहिली की अॅक्रिलिकचा रंग उडतो, आणि एवढ्याशा पाण्याचा पीएच कोसळायला वेळ लागत नाही. ब्लिचिंग पावडरही नको, तिच्यातला चुन्याचा गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आणि पाणी नितळ करायला तुरटी फिरवायचा मोह आवरा. ती अल्कलिनिटी खाते आणि तिचा चिकट साका कार्ट्रिज, म्हणजे टबाचा घड्यांचा फिल्टर, बंद करतो. तुम्हाला हवं ते डायक्लोर, दुकानातल्या भाषेत एसडीआयसी, ५६ टक्क्यांचं, दाणेदार. १० ते ११ ग्रॅम टाकलं की मोकळा क्लोरीन ५ पीपीएमच्या (लिटरला ५ मिलिग्रॅमच्या) आसपास जातो.

पण डायक्लोरचं पोतं आणू नका, २५० ग्रॅम पुरे. कारण त्याच्यासोबत सायन्युरिक आम्ल येतं. क्लोरीन खर्च होतो, हे आम्ल पाण्यातच राहतं आणि साठत साठत क्लोरीनचाच जोर मारतं. हिशेब करून बघा. पूर्ण गरम पाण्यात एक माणूस तासभर बसला, किंवा दोघं अर्धा तास बसले, की ढोबळमानाने ९ ग्रॅम क्लोरीन फस्त होतो. तो भरून काढायला १६ ग्रॅम डायक्लोर लागतं आणि दर वेळी सायन्युरिक जवळजवळ ७ पीपीएमने चढतं. पाच वेळा बसलात की आकडा ३० च्या वर, महिनाभर रोज बसलात तर २०० च्या घरात. तेव्हा पट्टीवर क्लोरीन व्यवस्थित दिसतो आणि अंगावर मात्र पुरळ उठतं. या पुरळाला कारण असलेला स्युडोमोनास जंतू अशाच कोमट, मंदावलेल्या क्लोरीनच्या पाण्यात वाढतो. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्यसंस्था तर हॉट टबात सायन्युरिक नकोच म्हणते, आणि मोकळा क्लोरीन किमान ३ पीपीएम, पीएच ७.० ते ७.८ आणि तापमान फार तर ४० अंश ठेवायला सांगते. घरच्या टबात सुरुवातीचे चार-पाच दिवस डायक्लोर आणि मग द्रव क्लोरीन, हा मार्ग आम्हाला सगळ्यात सोपा वाटतो.

द्रव क्लोरीन म्हणजे १० ते १२ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट. वरच्या हिशेबाने दोघांच्या अर्ध्या तासानंतर ८० ते ९० मिली. वास, रंग घातलेलं घरगुती ब्लीच नको. मुंबईच्या उकाड्यात हे द्रावण कॅनमध्ये बसल्या बसल्या कमजोर होत जातं, त्यामुळे ५ लिटरच्या वर घेऊ नका आणि घेताना उत्पादनाची तारीख वाचा. मे महिन्यात नेहमीच्या मापाने आकडा चढेना झाला, तर पाण्याआधी कॅनवर संशय घ्या.

इथे शब्दाचा एक सापळा आहे. बाजारात या द्रावणाला ‘हायपो’ म्हणतात. आणि फोटो धुणारे, मासे पाळणारे ज्याला ‘हायपो’ म्हणत आले ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन मारणारं! दोन्ही तुमच्या यादीत आहेत (थायोसल्फेट १०० ग्रॅम, क्लोरीन चुकून जास्त पडला तर चिमटीने टाकायला), म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहा. प्रिन्सेस स्ट्रीट किंवा मशीद बंदरच्या वडगादीतला दुकानदार चिठ्ठी वाचून माल देतो, ‘हायपो द्या’ म्हटलं तर त्याला जे वाटेल ते देतो.

ब्रोमीनच्या गोळ्या गरम पाण्यात छान टिकतात, पण इथे महाग पडतात. शिवाय एकदा ब्रोमीन घातलं की त्याच पाण्यात परत क्लोरीनवर येता येत नाही, पाणी बदलावंच लागतं. तेव्हा सुरुवातीलाच काय ते ठरवा.

बाकीची यादी बरीचशी वाण्याकडची. अल्कलिनिटी वाढवायला खाण्याचा सोडा: १० पीपीएमला २० ग्रॅम. नळाला ४० आली आणि ८० करायची असेल तर ८० ग्रॅम. बेकिंग पावडर वेगळी, तिच्यात स्टार्च असतो. धुण्याचा सोडाही वेगळा. तो पीएच एकदम चढवतो, आणि टबात पीएच चढवायची वेळ क्वचितच येते, कारण जेटच्या बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच आपोआप वर सरकतो. उतरवायला लागणारं सोडियम बायसल्फेट मात्र ५०० ग्रॅम घरात हवंच. एका वेळी १० ग्रॅम, जेट चालू ठेवून अर्धा तास थांबा, मोजा, मग पुढचं. संडास धुवायच्या अॅसिडवर काम भागवू नका. पीएच सारखाच वर पळत असेल तर दोष बहुधा जास्त अल्कलिनिटीचा असतो. द्रव क्लोरीनवर आलात की ती ५० ते ७० वर राहू द्या.

चुन्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचे फ्लेक्स, ७७ टक्क्यांच्या आसपासचे. नळाला हार्डनेस ४० असेल आणि १५० हवा असेल तर सुमारे १९५ ग्रॅम. ही पूड पाण्यात पडली की पाणी चांगलंच तापतं, म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग पूड, आणि सावकाश. कपाटात ओल शोषायला ठेवतात त्या डब्यांत हेच असतं, यावरून जुलैत उघड्या पिशवीचं काय होईल ते ओळखा. दोन दिवसांत पिशवीत पाणी सापडेल.

पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरपेक्षा टबाच्या कार्ट्रिजची निगा जास्त लागते. एक जादा संच सुरुवातीलाच घ्या, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा चालतो. आठवड्याला पाण्याच्या धारेखाली घड्या मोकळ्या करायच्या, महिन्याला तेल काढणाऱ्या द्रावणात रात्रभर बुडवायचं. आधी अॅसिड लावलं तर तेल धाग्यात कायमचं बसतं. क्रम नेहमी तेल, मग गरज असेल तरच अॅसिड. आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून टबात उतरणारे पाहुणे असतात, त्यामुळे हा खर्च गृहीत धरा. बसण्याआधी मोरीत साबण लावून अंघोळ, आणि पोहण्याचे कपडे साबणाविना नुसत्या पाण्यात धुतलेले, एवढं पाळलं तर फेस मारायच्या बाटलीचं झाकण वर्षभर उघडावं लागत नाही.

भरण्याच्या दिवशी पाणी दोनदा लागेल हे सोसायटीला आधी सांगा. कारखान्यात टब पाणी भरून तपासलेला असतो आणि ते उरलंसुरलं पाणी महिनोन्‌महिने पाइपांत कुजत आलेलं असतं. पहिल्या भरणीला कार्ट्रिज काढून ठेवा, लाइन क्लीनर (पाइप आतून साफ करणारं द्रावण) घाला, तासभर जेट चालवा. तपकिरी फेस वर आला तर दचकू नका, तो आतून निघतोय हे बरंच आहे. सगळं उपसा, कडा पुसा. दुसऱ्या वेळी होजचं तोंड फिल्टरच्या खळग्यात सोडा, म्हणजे पंपात हवा अडकत नाही. मग आधी कॅल्शियम, काही तासांनी सोडा, मग पीएच, शेवटी क्लोरीन. कॅल्शियम आणि सोडा पाठोपाठ टाकलेत तर दोघांचं मिळून चुनखडीचं दूध होतं आणि दिवस पाणी नितळायची वाट बघण्यात जातो. पावडर टाकल्यावर झाकण निदान २० मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर क्लोरीनची वाफ झाकणाच्या आतलं कापड खाते.

साठवण हा मुंबईतला अवघड भाग. माळ्यावर उष्णता, बाल्कनीत पावसाची झड, बाथरूममध्ये अॅसिडची बाटली शेजारी. क्लोरीनच्या कुठल्याही पावडरीला अॅसिड लागलं की विषारी वायू निघतो, आणि दोन वेगवेगळ्या जातींच्या क्लोरीन पावडरी एकत्र आल्या तर आग लागू शकते. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र कोरडा चमचा, प्लॅस्टिकची घट्ट फिरकीची बरणी, बरणीवर नाव आणि तारीख. स्टीलचे डबे नकोत, गंजतात. वीजमीटरच्या कपाटातही ठेवू नका, क्लोरीनच्या वाफा तांब्याच्या जोडण्या खातात. मुलांचा हात पोचणार नाही अशी सावलीतली, हवेशीर जागा, त्यात पावडरी वर आणि द्रव खाली. वजनाला एक छोटा डिजिटल काटा वेगळा घ्या, स्वयंपाकघरातला उचलू नका.

पाणी कधी बदलायचं याला सोपा भागाकार आहे: लिटर भागिले ११, भागिले रोज बसणारी माणसं. १२०० लिटरला दोघं, म्हणजे साधारण ५४ दिवस. सोडायच्या आधी दोन दिवस क्लोरीन टाकणं थांबवा. पट्टीवर शून्य आला की तेच पाणी पिंपांत भरून फ्लशला आणि गच्ची धुवायला वापरता येतं. कुंड्यांना मात्र घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात. आणि गच्चीच्या पन्हाळीतून सगळं एका दमात सोडू नका, खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वाळवण आडवं येतं.