"आत्ता कुठे बसला आहात?"

काल दुपारी माझ्या समुपदेशक बाईंनी मला परत पाठवलं. स्क्रीनवरूनच.

मी राहते न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत, ऑफिस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये. मधे हडसन नदी. मंगळवारी मी घरून काम करते आणि साडेबाराला बाईंचा व्हिडिओ कॉल असतो. काल ऑफिसात जावं लागलं, म्हणून एक छोटी मीटिंग रूम धरली, डबा बाजूला सारला, लॅपटॉप उघडला. बाई दर वेळी पहिलं वाक्य तेच बोलतात, "आत्ता कुठे बसला आहात?" मी म्हटलं, ऑफिसात. न्यूयॉर्कला.

झालं! बाईंचं लायसन्स न्यू जर्सीचं. इथे समुपदेशक कुठे बसलाय यापेक्षा पेशंट कुठल्या राज्यात बसलाय ते बघतात, आणि लायसन्स त्या राज्याचं लागतं. बाई तिथेच, मी तीच, आठवडाभर साठवून ठेवलेलं रडूही तेच. पण मी नदीच्या चुकीच्या काठावर. नाशकात पंचवटीतून पूल ओलांडून रविवार कारंजावर आलं की आपला डॉक्टर आपल्याला चालेनासा होतो, असं समजा. बाईंनी दोनदा माफी मागितली, आज तातडीचं काही नाही ना ते नीट विचारून घेतलं आणि कॉल बंद केला. मी गार पोळी-भाजी खाल्ली आणि उरलेला दिवसभर या देशाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

संध्याकाळी एका पुणेकर मैत्रिणीला ऐकवलं. आपल्याकडे बघ म्हटलं, २५ मार्च २०२०, लॉकडाऊनचा पहिला दिवस, आणि त्याच दिवशी टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून तपासण्याचे, नियम आले. नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला तपासू शकतो. नाशिकचा डॉक्टर सुरगाण्यातलाच काय, आसामातलाही पेशंट बघू शकतो. त्यावर ती म्हणाली, "हो, पण डॉक्टर आहेत किती?" आता हे खरंच आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत केरळ सोडलं तर लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही धड निघाला नव्हता. त्या पाहणीतल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

पण माझ्या डोक्यात डॉक्टरांचा आकडा नव्हता, आई होती.

अण्णा गेल्यापासून आईची झोप उडालीय. रात्री तीनला उठून ओटा पुसते. गंगापूर रोडवर चांगले डॉक्टर आहेत, सिडकोतून रिक्षाने फार तर अर्धा तास. अंतर कधीच आड आलं नाही. आड आलं ते तिथलं वेटिंग रूम. "अगं, तिथे भिशीतली कुणी भेटली तर? आणि मला काय वेड लागलंय?" हे वर्षभर चाललं. दादा नाशकातच असतो, वहिनीही समजूतदार आहे, पण समोर बसून हे बोलणं त्यांना जमेना. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिला मी इथून दिला. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'तू तिकडे मजेत' हे वाक्य मलाही ऐकावं लागतं.

१० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. आईने पहिला फोन केला तो गच्चीवर, टाकीच्या आडोशाला बसून, गुडघ्यावर निवडायच्या मेथीची परात घेऊन. कुणी वर आलंच तर कारण हवं ना! पलीकडच्या मुलीने तिला जेवता का, चालायला जाता का, अण्णांची आठवण कधी जास्त येते, असं विचारलं. चाळीस मिनिटं. मला आई एवढंच म्हणाली, "आवाज गोड होता गं मुलीचा. वऱ्हाडकडची असावी." मेथी मात्र तशीच राहिली होती.

नंतर त्यांनीच डॉक्टरांना दाखवायला सुचवलं. मग ती गेली, भिशीतल्या बाया सकाळी बाहेर पडत नाहीत म्हणून सकाळची वेळ घेऊन.

आणि माझ्या बाई दर वेळी जागा का विचारतात, तेही मला रात्री उशिरा सुचलं. अगदी पहिल्या कॉललाच त्यांनी माझा पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबर लिहून घेतला होता. बोलता बोलता माणूस टोकाला गेला, तर मदत नेमक्या दारात पोचायला हवी. लायसन्सचा नियम निराळा, तो मला अजूनही पटत नाही. पण प्रश्न बरा आहे. आई गच्चीवर कठड्याजवळ बसली होती, हे मला मागाहून कळलं. मी विचारलंच नव्हतं.

मलाही गावचाच डॉक्टर का नको, असं वहिनी विचारते. मराठीत रडता येईल, डॉलरही वाचतील. पण आपले ते नियम भारताच्या हद्दीपुरते आहेत, बाहेर बसलेल्या पेशंटसाठी नाहीत. म्हणजे इथेही नदी आहेच, जरा रुंद.

पुढच्या मंगळवारीही ऑफिस आहे. ट्रेनने नदी ओलांडली की न्यू जर्सीतलं पहिलं स्टेशन एक्स्चेंज प्लेस. बाहेर पाण्याकाठी बसायला जागा आहे, वारा फार असतो. बाईंना मेल टाकलाय, साडेबाराला तिथून बोलते म्हणून. डबाही तिथेच नेईन.