डेंग्यूच्या रिपोर्टवर फिब-४ काढू नका

हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे अंगात असला की लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे तंतू, किती साठलेत हे बघावं लागतं. त्यासाठी दरवेळी सुई घालून तुकडा काढायची गरज नाही. फिब-४ हा साध्या रक्ततपासणीवरून काढायचा फायब्रोसिसचा अंदाज, आणि त्याला चारच गोष्टी लागतात: वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम, आणि प्लेटलेट. प्लेटलेटसाठीची सीबीसी आणि एन्झाइमसाठीची एलएफटी नाशिकमधल्या कुठल्याही लॅबमध्ये होतात. फक्त दोन्ही एकाच दिवशीच्या रक्तातून करून घ्या.

वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. घोळ होतो तो प्लेटलेटच्या एककात. आपल्याकडे रिपोर्टवर १.८० लाख असं लिहून येतं. सूत्रात घालायचे हजारांतले १८०. कुणी १.८ घातले तर उत्तर शंभरपट फुगतं.

समजा वय ४८, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.८० लाख. वर २८८०, खाली १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. उत्तर २. हिपॅटायटिस सीसाठी १.४५ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस बहुधा नाही, ३.२५ च्या वर असेल तर दाट शक्यता. आपले २ मधल्या पट्ट्यात अडकले, आणि असे पेशंट बरेच असतात. हा आकडा ‘नाही’ म्हणायला जास्त भरवशाचा, ‘आहे’ म्हणायला कमी.

आता हाच माणूस पावसाळ्यानंतर डेंग्यूने पडला आणि प्लेटलेट ६० हजारांवर आल्या, असं धरा. बाकी आकडे तेच ठेवले तरी उत्तर थेट ६! लिव्हर तेच, पण कागदावर सिऱ्होसिस, म्हणजे फायब्रोसिसची शेवटची पायरी. शिवाय डेंग्यूत एसजीओटीही चढतो, म्हणजे प्रत्यक्षात आकडा आणखी वर जातो. ताप उतरून प्लेटलेट आणि एन्झाइम जागेवर आल्यावरच रक्त द्या.

एसजीओटी स्नायूंतूनही येतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची पायी फेरी मारून दुसऱ्या दिवशी लॅब गाठली, तर तो वाढलेला दिसू शकतो. दारूनेही वाढतो, आणि हे तपासणीआधी डॉक्टरांना सांगायला लाजू नये. रक्त काढताना पेशी फुटल्या तरी तेच. काहींच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या नळीत गुठळ्या करतात आणि मशीन कमी मोजतं. अशा वेळी स्लाइड बघायला सांगा किंवा निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून घ्या.

वयाचाही खेळ आहे. पस्तिशीच्या आत फिब-४ वर फार विसंबू नये. पासष्टीनंतर नुसत्या वयानेच आकडा वर सरकतो.

मधल्या पट्ट्यातल्यांनी फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी, करावा, निदान तीन तास उपाशी राहून. जेवून गेलात तर लिव्हरचा रक्तप्रवाह वाढतो आणि ते आहे त्यापेक्षा कडक दिसतं. एसजीपीटी नॉर्मलच्या कित्येक पट असताना केला तरी तीच फसगत.

हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांचा कोर्स झाला की फिब-४ झपाट्याने उतरतो. त्यातला बराचसा उतार सूज ओसरल्याचा असतो, तंतू विरघळल्याचा नव्हे. उपचाराआधी सिऱ्होसिस ठरलेला असेल तर आकडा कितीही छान दिसो, लिव्हरच्या कॅन्सरसाठीची सहामाही सोनोग्राफी बंद करायची नाही.