तुम्ही विचारलंत म्हणून: इंटेल, एएमडी की एनव्हिडिया?

नाशिकच्या गंगापूर रोडला सकाळी फिरताना कोणी ना कोणी या तीन अमेरिकी चिप कंपन्यांच्या शेअरबद्दल विचारतेच: इंटेल 2024 मध्ये पडला, एएमडी बरा दिसतो, एनव्हिडिया फार वर गेला आहे, मग घ्यावा कोणता? परदेशात पैसे पाठवण्याच्या परवानगीच्या मर्यादेत थोडी रक्कम मी अमेरिकी शेअरमध्ये ठेवतो म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि मी आधी दिंडोरीतल्या आमच्या द्राक्षबागेबद्दल बोलतो.

एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एकेक डोळा, म्हणजे फुटवा येण्याची जागा, राखून बाकी काडी काढली जाते आणि नंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासणीला नेली, की डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात; त्यात घड आहे की नुसती बाळी (वेलीचा तणावा), हे तिथेच कळते आणि कितव्या डोळ्यावर छाटायचे ते ठरते. फेब्रुवारीत बाग पाहायला येणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

चिपचा धंदा असाच चार-पाच वर्षे आधी ठरतो. आणखी बारीक चिप घडवण्याची 10 नॅनोमीटर ही प्रक्रिया लांबल्याचे इंटेलने 2015 मध्येच सांगितले होते. ती मोठ्या प्रमाणावर यायला 2019 उजाडले. तरी 2020 ची विक्री जवळपास 78 अब्ज डॉलर, म्हणजे तोवरची सर्वाधिक होती. तो आकडा जुन्या छाटणीचा होता. 2024 मध्ये विक्री 53 अब्जांवर आली, तोटा 18 अब्जांहून अधिक झाला आणि लाभांशही थांबला. एएमडीचे याच्या नेमके उलटे झाले: झेन या प्रोसेसरच्या नव्या रचनेवर 2012 पासून काम चालू होते, 2015 मध्ये शेअर दोन डॉलरच्याही खाली होता, आणि 2017 मध्ये त्याच रचनेचा रायझन प्रोसेसर बाजारात आला. आपले चिप कारखाने तिने 2009 मध्येच वेगळे काढलेले असल्यामुळे पुढे उत्तम प्रक्रियेसाठी तिला, इतरांच्या चिप घडवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे जाता आले.

ग्राफिक्स चिपवर इतर गणिती कामेही करू देणारी कुडा ही प्रणाली एनव्हिडियाने 2006 मध्ये आणली, तेव्हा तिचे पीक कशात येईल हे फारच थोड्यांना दिसत होते; ते कृत्रिम बुद्धिमत्तेत आले. जानेवारी 2025 ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री 130 अब्ज डॉलरवर गेली. त्यातले सुमारे 115 अब्ज केवळ डेटा सेंटरचे, म्हणजे संगणकांच्या मोठ्या केंद्रांना केलेल्या विक्रीचे. मला काळजी वाटते ती इथेच, कारण गूगल आणि अॅमेझॉनसारखे मोठे ग्राहक स्वतःच्या चिपही बनवून घेतात. शिवाय एएमडी आणि एनव्हिडिया दोघींच्या आघाडीच्या चिप टीएसएमसीच घडवते, त्यामुळे तैवानवर संकट आले तर दोन्ही शेअर एकदमच पडतील. दोन्ही घेतले म्हणजे जोखीम विभागली, असे समजू नका.

माझा स्वतःचा कल एएमडीकडे आहे, पण पैसे मी एकरकमी न घालता टप्प्याटप्प्याने घालतो. इंटेलच्या बाबतीत मी तिमाही नफ्याकडे पाहत नाही; तिच्या नव्या प्रक्रियेत एका वेफरमधून (चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) किती चिप चांगल्या निघतात आणि बाहेरचा एखादा मोठा ग्राहक इंटेलच्या कारखान्यात आपली चिप भरघोस संख्येने करून घेतो का, एवढेच पाहतो.