तीन जळालेले ईसीएम आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल

टेबलावर एकाच गाडीचे तीन बंद पडलेले ईसीएम, म्हणजे इंजिनाचे संगणक, ओळीने मांडलेले होते आणि त्यातला दुसरा मीच बसवलेला होता. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करून मला 25 वर्षे होत आली. तेव्हा आपणच बसवलेली वस्तू जळून परत समोर आली की माणसाला कसे वाटते, ते मी वेगळे सांगायला नको.

गाडी 2003 ची, पेट्रोलवर चालणारी. मालक शाहूपुरीतले निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर'च म्हणतो. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला, त्या दिवसांत ही गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. या गाडीचा ईसीएम डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला पायांजवळ असतो, त्यामुळे मूळचा ईसीएम गेला यात कोणालाच नवल वाटले नाही. त्याच्या जागी दुसऱ्या गॅरेजने भंगार बाजारातून आणलेला ईसीएम बसवला. तो 2021 मध्ये जळाला. मग गाडी माझ्याकडे आली, मी वायरिंग तपासले, कनेक्टर साफ केले आणि चांगल्या अवस्थेतला जुना ईसीएम लावून दिला. जून 2022 मध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर, तोही गेला.

"मिस्त्री, गाडी विकू का आता?" सरांनी विचारले.

"थांबा सर, एक दिवस द्या," मी म्हणालो. उत्तर मात्र तेव्हा माझ्याजवळ नव्हते.

आमच्या धंद्यात 'ईसीएम गेला' हा निदानाचा शेवट समजला जातो. जुन्या गाडीत तर त्याला आणखी सोय असते, कारण भारत स्टेज 4 या प्रदूषणाच्या नियमांबरोबर 2010 पासून आलेली ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती या गाड्यांना नव्हती, त्यामुळे आजचा साधा स्कॅनर त्यांच्याशी बोलतच नाही. नवा लावला, गाडी सुरू झाली, की ईसीएमच खराब होता असे सिद्ध झाले! पुराचे कारण तर आयतेच हाताशी होते. मीही 2021 मध्ये तेच केले होते, आणि जळालेला ईसीएम उघडून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते.

त्या दिवशी तिन्ही उघडले. पुरातल्या ईसीएमच्या आत गाळाचा थर आणि पिनांवर हिरवट बुरशीसारखी भुकटी होती, म्हणजे तो खरोखर पाण्यानेच गेला होता. पण पुढच्या दोघांच्या आत पाण्याचा मागमूस नव्हता. इग्निशन कॉइल चालवणारे ट्रान्झिस्टर शाबूत, इंजेक्टरचे शाबूत, कपॅसिटर फुगलेले नाहीत. आणि दोन्ही बोर्डांवर अगदी एकाच ठिकाणी अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारा, तांब्याचा ट्रॅक जळून तुटलेला. कॉइल शॉर्ट असती तर तिचा ट्रान्झिस्टर आधी गेला असता, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देत असता तर सप्लायच्या बाजूला खुणा दिसल्या असत्या. अर्थिंगचा ट्रॅक जळतो तो ईसीएमच्या स्वतःच्या करंटने नव्हे. दुसऱ्या कोणाचा तरी करंट त्याच्यातून वाट काढत होता.

मी बॅटरीपासून सुरुवात केली. निगेटिव्ह टर्मिनलवरून दोन तारा निघतात, एक आखूड तार बॉडीला आणि एक जाड केबल गिअरबॉक्सला. जाड केबल मल्टिमीटरवर तपासली तर मीटर आनंदाने वाजला. गेल्या वर्षीही तो असाच वाजला होता आणि मी पुढे गेलो होतो. मल्टिमीटर ओम मोजताना तारेतून फार तर मिलिअँपिअरमध्ये प्रवाह सोडतो, त्याला शंभर धाग्यांपैकी दोन धागे शाबूत असले तरी पुरते. सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला, मात्र शंभर-सव्वाशे अँपिअर लागतात.

दुपारी आमच्या हाताखालचा पोरगा, ज्याला त्या वेळी कामाला लागून जेमतेम चार महिने झाले होते, बॉनेटमध्ये वाकून सहज म्हणाला, "दादा, अ‍ॅक्सिलरेटरची केबल भाजल्यागत झाली बघा." केबलचे प्लॅस्टिकचे आवरण एका जागी वितळून काळे पडले होते. सायलेन्सरला चिकटली असेल म्हणावे तर सायलेन्सर तिथून वीतभर लांब होता. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले की ती केबल अडकते म्हणून दीड वर्षात दोनदा बदलली, आणि सकाळी सेल्फ जड फिरतो म्हणून बॅटरीही बदलली. या तक्रारी त्यांनी ईसीएमच्या तक्रारीबरोबर कधी सांगितल्या नव्हत्या, आणि खरे तर विचारायला हवे होते ते मी.

आता मीटर व्होल्टवर लावला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि पोराला सेल्फ मारायला सांगितले. येथे आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. तो 2.4 आला. सव्वाशे अँपिअरला इतके व्होल्ट पडायला एका ओमचा जेमतेम पन्नासावा भाग पुरतो, जो माझ्या मीटरला ओमच्या खुणेवर दिसणारच नव्हता. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर जाड केबलला हात लावला तर गिअरबॉक्सकडचे टोक चांगलेच तापले होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी पाहायला गेलो तर ती जागेवरच नव्हती. कधीतरी क्लचचे काम करताना कोणीतरी काढली आणि परत लावायचे राहिले.

चित्र पूर्ण झाले. सेल्फचा करंट इंजिनातून बॅटरीकडे परतायचा तर मुख्य रस्ता अडलेला, पट्टीचा पर्यायी रस्ता नाहीच. म्हणून तो अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून बॉडीवर जात होता, आणि ईसीएमची एक अर्थिंग इंजिनावर व दुसरी बॉडीवर असल्याने त्याच्या बोर्डातूनही. खात्रीसाठी मी एका मेलेल्या ईसीएमच्या तुटलेल्या ट्रॅकवर जाड तारेचा पूल सोल्डर करून तो जागेवर बसवला आणि अर्थिंगच्या तारेवर डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) लावून सेल्फ मारायला लावला. 18 अँपिअर. इंजिन सुरू नसताना, ज्या तारेतून एक-दोन अँपिअर जायला हवेत, तिच्यातून. त्यानंतर जंपर केबलने बॅटरीचा निगेटिव्ह थेट ब्लॉकला जोडला, आकडा 0.1 वर आला आणि सेल्फ नव्या गाडीसारखा फिरला.

संध्याकाळी जुन्या केबलवरचे रबर ब्लेडने चिरले. आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी होती आणि मधोमध केसासारखे काही धागे. पुराचे पाणी टोकाकडून आत शिरले होते, आणि ती कीड रबराच्या आड तीन वर्षे शांतपणे वाढत राहिली. म्हणजे दोष शेवटी पुराचाच, पण आम्ही सगळे तो शोधत होतो त्या जागी नव्हे.

नवी जाड केबल, विणलेली पट्टी, रंग खरवडून लख्ख केलेल्या जागी तीन बोल्ट. खर्च ईसीएमच्या किमतीच्या एका कोपऱ्याइतकाही नव्हता. चौथा ईसीएम मात्र घ्यावाच लागला, आणि त्याच्या बसवण्याची मजुरी मी सरांकडून घेतली नाही. त्यांनी फार आग्रह केला, मग चहावर मिटले.

गाडी अजून चालू आहे, रविवारी जोतिबाला जाते. दर जूनला पाऊस सुरू होण्याआधी सर ती घेऊन येतात, मी सेल्फ मारून आकडा सांगतो आणि ते खिशातल्या वहीत तारखेसह लिहून घेतात. या वर्षी 0.11 होता.