तुम्ही विचारलंत म्हणून: उभं राहायचे किती भेटले?

“काहून वो वकीलसाहेब, खरं सांगा, उभं राहायचे किती भेटले?”

बार रूममध्ये विचारतात, कोर्टाबाहेरच्या टपरीवर विचारतात. मेव्हण्याच्या लग्नात पंगतीत वाढणाऱ्यानं विचारलं, हातात वरणाची बादली घेऊन. (माझं निवडणूक चिन्ह बादली होतं, त्यामुळे त्याला तो विनोद फुकटात मिळाला.) एकदा तर उलटतपासाला उभं राहायच्या आधी समोरच्या वकिलानं कानाशी येऊन विचारलं. दोन वर्षं होत आली, हसून टाळतो आहे. आता एकदाचं लिहून टाकतो.

काही नाही भेटलं. रुपयाही नाही. एवढ्यानं तुमचं भागणार नाही हे ठाऊक आहे, कारण तुम्ही विचारता ते उत्तरासाठी नाहीच. मिलकामगाराचा पोरगा लोकसभेला उभा राहतो म्हणजे त्याच्यामागं कुणीतरी असणारच, हे तुमचं आधीच ठरलेलं असतं.

तरी हिशेब घ्या. २०२४ ला नागपुरात आम्ही २६ उमेदवार होतो. एका यंत्रावर नोटा (‘यापैकी कोणी नाही’चं बटण) धरून सोळा नावं मावतात, म्हणून प्रत्येक बूथवर दोन यंत्रं लावावी लागली. मी दुसऱ्यावर, खालच्या अंगाला. नितीन गडकरी १,३७,६०३ मतांनी निवडून आले. मला नोटापेक्षाही कमी मतं. मला मतं खायला कुणी उभं केलं असेल तर त्यानं पैसे परत मागायला हवे होते. अजून तरी कुणी दारात आलेलं नाही.

दुसरा आरोप खास आमच्या बार रूमचा. वकिलाला जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ३६ आडवा येतो, म्हणून गड्यानं निवडणुकीच्या नावाखाली नाव छापून घेतलं. इथं मात्र मी जरा अडखळतो. पत्रकावर नावाआधी ‘अ‍ॅड.’ मीच टाकायला सांगितलं होतं, आणि प्रूफ आलं तेव्हा ती अक्षरं थोडी मोठी करायलाही मीच सांगितलं. प्रेसवाला हसला होता. तर तेवढं तुमचं खरं. पण त्या जाहिरातीतून आलेली केस एक नाही, उलट गेलेली एक आहे, आणि तिच्याबद्दल मला कुणी विचारत नाही.

माझे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ मध्ये सुरू झालेली मिल २००२ मध्ये बंद पडली. त्या जागी आता मॉल आहे आणि माझी मुलगी तिथं मैत्रिणींबरोबर जाते. तिला काही सांगत बसत नाही. मी आधी कोर्टाच्या आवारात टायपिंग करायचो, मग एलएलबी केलं. म्हणून माझ्याकडे येणारी माणसंही तशीच: कामावरून काढलेली, ग्रॅच्युइटी अडकलेली, हजेरी कार्डावर नावच नसलेली. यूएलपीच्या, म्हणजे मालकाच्या अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या केसेस. फी हप्त्यानं. कधी हप्ता थांबतो, केस थांबत नाही.

नगरसेवक सोडून एकदम खासदारकी कशाला, असंही विचारतात. अहो, मी लेबर कोर्टात जे कलम वाचतो ते महानगरपालिकेत बनत नाही. चार श्रमसंहितांपैकी तीन संसदेत सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर झाल्या, त्याही विरोधक बहिष्कार टाकून बाहेर असताना. कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची ती शंभर कामगारांच्या वर. ती रेघ तीनशेवर नेली. माझ्या पक्षकारांचे बहुतेक कारखाने या दोन आकड्यांच्या मधे बसतात. मला वाटलं, हे तिथं उभं राहून कुणीतरी बोललं पाहिजे. ‘कुणीतरी’ म्हणजे मी, असं का वाटलं, ते आज नीट सांगता येत नाही.

सभेत तर मी त्याही पुढं जायचो. बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्यातून पोटनिवडणूक हरले. कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष आमदार झाले, पण लोकसभेला १९६७ आणि १९८० दोन्ही वेळा पडले. मग हरायची कसली लाज? टाळ्या पडायच्या. आता त्या माणसाला, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या मला, बाजूला घेऊन विचारावंसं वाटतं की बे, त्यांच्यामागं आयुष्यभराचं काम होतं, तुझ्यामागं एक ऑटो आणि भाड्याचा भोंगा. तो म्हणेल, सुरुवात तर कुठून तरी करावी लागते. त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. पण पटतही नाही.

आता १२ एप्रिल.

अपक्षाला दहा सूचक लागतात, दहाही याच मतदारसंघातले. माझ्या अर्जावर चौथी सही तांडापेठेतल्या माझ्या एका पक्षकाराची. हिंगण्याच्या कारखान्यात अकरा वर्षं मशीनवर, मग एका दिवशी गेटवर अडवलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. (हिंगणा रामटेक मतदारसंघात. कारखाना तिकडं, कामगाराचं मत इकडं. प्रचारात हे समजावता समजावता माझा घसा बसला.) त्याची केस पुराव्याला लागली होती, त्याचीच उलटतपासणी बाकी होती. आधीच्या दोन पेश्यांना आम्हीच वेळ मागितला होता, आणि रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ‘शेवटची संधी’ असं आलेलं होतं. पुढची तारीख १२ एप्रिल, शुक्रवार.

त्याच सकाळी माझ्या निवडणूक खर्चाच्या वहीची तपासणी निघाली. उमेदवारी म्हणजे काय ते या वहीशिवाय कळत नाही. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात तीनदा ती निरीक्षकांपुढं न्यायची. खर्चाची मर्यादा ९५ लाख, माझी गुलाबी पानं बघून तिथला कारकून म्हणाला, “साहेब, तुमचं लवकर आटपते.” आटपलं मात्र नाही. चहा मी टपरीवरच्या भावानं लिहिला होता आणि लिहायचा होता सरकारी दरपत्रकाप्रमाणे. प्रत्येक दिवसाचा चहा पुन्हा मांडत बसलो. किती कप, कोणत्या चौकात.

कोर्टाचं काय, तर आदल्या रात्री मी दोन फोन केले होते. एक ओळखीच्या वकील मित्राला: माझ्या मॅटरमध्ये उभा राहा, अर्ज दे, तारीख घे. दुसरा त्या पक्षकाराला. तो म्हणाला, “साहेब, मी येतो ना कोर्टात.” मी म्हटलं, नको, तारीखच घ्यायची आहे, तू कशाला रिकामा बसतो, गोळीबार चौकात पत्रकं वाटायला माणूस कमी आहे. हे वाक्य मी म्हटलं. मीच. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता आलं असतं तर घातलं असतं.

मित्राचा मॅटर दुसऱ्या मजल्यावर पुकारला गेला आणि तो तिथं अडकला. आमच्या कोर्टात पहिला पुकारा साडेअकराला, कुणी नाही. दुसरा जेवणाच्या सुट्टीआधी, कुणी नाही. तिसरा तीनच्या पुढं. तक्रारदार गैरहजर, वकील गैरहजर, शेवटची संधी देऊनही. केस डिफॉल्टमध्ये गेली, म्हणजे गैरहजेरीपायी काढून टाकली. मालकाचा वकील हजर होता. त्यानं काही वावगं केलं नाही, मीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

त्या वेळी माझा पक्षकार गोळीबार चौकात उन्हात उभा होता. डोक्याला ओला दुपट्टा, हातात माझ्या पत्रकांचा गठ्ठा. पत्रकावर पहिलं वाक्य होतं: ‘कामगाराला न्याय तारखेवर तारीख घेऊन मिळत नाही.’ ते मी लिहिलं होतं आणि मला फार आवडलं होतं. तीननंतर मी तिथं पोचलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, दोनशे संपले. तारीख कोणती भेटली?” मी म्हटलं, बघून सांगतो. मला खरंच माहीत नव्हतं. पण मित्राचे चार मिस्ड कॉल आलेले दिसत होते आणि मी फोन उलटा करून खिशात टाकला. संध्याकाळी पाचपावलीत सभा होती. ती आटपून, रात्री अकराला, मी त्याला फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला.

तुम्हाला कायद्याचं म्हणणं हवं तर तेही देतो. केस मेली नाही. पुरेसं कारण दाखवून ती पुन्हा फाईलवर घेता येते. मी अर्ज केला, शपथपत्र माझं स्वतःचं लावलं, चूक वकिलाची आहे, पक्षकाराची नाही, असं स्पष्ट लिहिलं. आठ महिन्यांनी, दोन हजार रुपये कॉस्ट भरून, केस परत लागली. पैसे मी भरले. बार रूममध्ये म्हणाले, मग झालं की, होतं असं, सगळ्यांचं होतं. होतं, हे मलाही ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाची केस गेली असती तर मीही हेच म्हणालो असतो.

पण आठ महिने म्हणजे आठ महिने. त्यात त्यानं रात्रपाळीची सिक्युरिटीची नोकरी धरली. बायकोनं फॉल-पिकोचं मशीन काढलं होतं ते विकलं. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा मशीनची जागा रिकामी होती, फरशीवर चार पायांचे चार डाग. वहिनींनी पाणी दिलं. त्या पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलल्या: “भाऊजी, त्या दिवसाची त्यांची रोजी तुम्ही मांडली होती का त्या वहीत?”

नव्हती मांडली. स्वयंसेवकाची रोजी लागत नाही. मांडला होता तो त्याचा चहा.

केस फाईलवर परत आली त्या आठवड्यात तो वकील बदलायची एनओसी मागायला आला. दुसरा वकील बघितला होता, माझ्याहून जास्त फी घेणारा. मी सही केली. फाईल बांधून दिली, नाडी नवीन लावली, जणू त्यानं काही भरून निघणार होतं. तो दारात थांबला आणि त्यानंही तोच प्रश्न विचारला. “साहेब, राग नका मानू. तुम्हाले काही भेटलं होतं का?”

मी म्हटलं, नाही रे. तुझ्यासमोर सगळं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भेटलं असतं तर बरं झालं असतं. कोणाचं तरी भागलं असतं.”

यावर मी काय म्हणणार होतो?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुम्ही चुकलात, कबूल करा. तेही करत नाही. माझी २५,००० ची अनामत गेली, एक षष्ठांश मतं कुठून येणार होती! खर्चाचा हिशेब निकालानंतरच्या तीस दिवसांत दिला, कारण तो दिला नाही तर तीन वर्षं उभंच राहता येत नाही. कधीच उभं राहायचं नव्हतं तर ती मुदत पाळायची मला एवढी घाई का होती, हे बायकोनं विचारलं होतं. श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झाल्या. परवा एका पक्षकाराला तीनशेची रेघ समजावून सांगत होतो. त्याच्या कारखान्यात २४० जण. तो म्हणाला, हे कोणी ठरवलं? मी सांगितलं. तो म्हणाला, तिथं आपलं कोणी नव्हतं का? तेव्हा ते जुनं भूत पुन्हा अंगात आलं, खोटं कशाला बोलू. आणि लगेच मी डायरी उघडून पुढची पेशी कधी आहे ते दोनदा तपासलं.

त्या पक्षकाराची उलटतपासणी मागच्या महिन्यात झाली. माझा मॅटर त्याच कोर्टात होता, मी मागच्या बाकावर बसून ऐकली. छान टिकला. बाहेर आल्यावर नमस्कार झाला, चहा पिता का म्हणालो, तर म्हणाला पाळीला जायचं आहे.

खर्चाच्या वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. १२ एप्रिलच्या पांढऱ्या पानावर ‘गोळीबार चौक, चहा, सहा कप’ असं आहे, दरपत्रकाप्रमाणे. खाली निरीक्षकांचा शिक्का. खाडाखोड नाही.